खटला झाला म्हणून वाचला

१९३३ साली तिरुवनंतपुरमच्या कॅपिटॉल थिएटरात ‘मार्तंड वर्मा’ हा मूकपट लागला आणि काही दिवसांतच उतरवावा लागला. प्रेक्षकांनी पाठ फिरवली, असे झाले नव्हते. सी. व्ही. रामन पिळ्ळै यांच्या ज्या कादंबरीवर तो बेतला होता, तिचे हक्क कमलालय बुक डेपो या प्रकाशन संस्थेकडे होते. निर्माते आर. सुंदरराज यांच्याशी त्या हक्कांवरून वाद पेटला, प्रकाशक कोर्टात गेले आणि प्रत जप्त झाली. सुंदरराज यांचा पैसा बुडाला. रिळांचे डबे प्रकाशकाच्या ताब्यात गेले ते चाळीसेक वर्षे तिथेच पडून राहिले. अखेर १९७४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ते मिळवले. दक्षिणेतले जे मूकपट आज बोटावर मोजण्याइतके उरले आहेत, त्यांत हा एक आहे.

खटला झाला नसता तर काय झाले असते? प्रत गावोगावी फिरली असती, प्रोजेक्टरच्या दातांनी ओरबाडली गेली असती, चऱ्यांच्या पावसाने दिसेनाशी झाली असती आणि शेवटी भंगारवाल्याच्या तराजूत पडली असती. म्हणजे या देशात चित्रपट वाचवण्याचे काम एका जप्तीच्या हुकुमाने केले, तेही नकळत. ही गंमत म्हणून सांगण्याची गोष्ट नाही. आपल्या चित्रपटांच्या जतनाची सगळी व्यवस्था आजही अशाच योगायोगांवर चालली आहे, आणि आज पडद्यावर असलेले मराठी चित्रपटही त्यातून सुटलेले नाहीत.

‘मार्तंड वर्मा’मध्ये आहे काय, तेही पाहू. १८९१ साली आलेली ही कादंबरी त्रावणकोरच्या गादीच्या वारशावरून झालेल्या कारस्थानांची आहे. तिथला वारसा मामाकडून भाच्याकडे जाणारा. राजाच्या मुलांना ते मान्य नाही आणि बडे सरदार त्यांच्या बाजूला. या राजकारणाच्या पोटात एक प्रेमकथा आहे. अनंतपद्मनाभन नावाचा तरुण मारेकऱ्यांच्या हल्ल्यात मेला, असे सगळे धरून चालतात. पठाण व्यापारी त्याला उचलून नेऊन वाचवतात, त्यांच्यातली सुलैखा त्याच्यावर जीव टाकते, आणि तो मात्र वेड्याचे सोंग घेऊन वारस राजपुत्र मार्तंड वर्माच्या पाठीशी फिरत राहतो. इकडे पारुक्कुट्टी त्याच्या नावाने थांबलेली. आई दुसरे स्थळ गळ्यात मारते आहे आणि मुलगी अंथरुणाला खिळली आहे. दिग्दर्शक पी. व्ही. राव यांनी हे सगळे एका संवादाविना, मधल्या पाट्यांच्या आधारे पडद्यावर आणले. शिवाय त्यात त्रावणकोरच्या तेव्हाच्या महाराजांच्या, आराट्टू या मंदिर-उत्सवातल्या मिरवणुकीचे खरेखुरे चित्रणही आहे. कथेचा काळ अठराव्या शतकातला, मिरवणूक विसाव्यातली! दिग्दर्शनाच्या दृष्टीने हा दोष म्हणावा लागेल, पण आज त्या काही मिनिटांसाठी इतिहासकार तो चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतात. काय जपावे आणि काय फेकावे, हे त्या काळातल्या माणसाला कळत नाही. म्हणून तर सगळेच जपायचे असते.

आता दुसरी बाजू. शरदबाबूंचा ‘देवदास’ पडद्यावर पहिल्यांदा आला तो १९२८ साली, नरेश मित्र यांच्या मूकपटातून. देवदास म्हटले की आपल्याकडे बरुआ, सैगल, दिलीपकुमार, शाहरुख खान अशी यादी लोक तोंडपाठ म्हणतात, पण जिथून ही परंपरा सुरू झाली तो चित्रपट पाहायला कुठेच उरलेला नाही. बरुआंच्या १९३५ सालच्या बंगाली ‘देवदास’वरही हीच वेळ आली होती. त्याची प्रत भारतात राहिली नाही. सापडली ती ढाक्याच्या संग्रहालयात.

फार लांब जायला नको. हरि नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावच्या वाचनालयात आजही मिळते. तिच्यावरून बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२३ साली ‘सिंहगड’ काढला, कृत्रिम प्रकाशात चित्रण करून दाखवले, शेलारमामाच्या भूमिकेत कोवळ्या वयाच्या शांतारामबापूंना उभे केले. या चित्रपटावर भाषणे होतात, कलामहर्षींची जयंती साजरी होते, पण ज्यासाठी हार घालायचा ती फिल्म नाही. कादंबरी उरली आणि चित्रपट गेला, हा नशिबाचा भाग नव्हे. १८६७ च्या कायद्याने इंग्रज सरकारने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत दाखल करायला लावली, आणि स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाच केला. इंग्रजांचा हेतू नजर ठेवण्याचा होता, ही गोष्ट वेगळी. चित्रपटावरही त्यांनी नजर ठेवली, ती सेन्सॉरच्या कात्रीपुरतीच.

भारतात तेराशेच्या वर मूकपट तयार झाले. आज हाताशी आहेत ते तिसाच्या आसपास, आणि त्यातले कित्येक तुकड्यांत. जे राहिले ते कसे राहिले, हे पाहिले की अंगावर काटा येतो. हिमांशू राय यांचे ‘शिराज’ आणि ‘प्रपंच पाश’ राहिले, कारण भागीदार युरोपातले होते आणि प्रती तिथल्या संग्रहालयांत होत्या. १९१९ च्या ‘बिल्वमंगल’चा तुकडा पॅरिसमध्ये निघाला. फाळक्यांची रिळे राहिली, कारण पी. के. नायर नावाचा एक झपाटलेला माणूस नाशिकला त्यांच्या घरच्यांकडे जाऊन ती मागून घेऊन आला. जप्ती, परदेशी भागीदार आणि एका माणसाचे वेड यांना व्यवस्था म्हणता येत नाही.

नष्ट होण्याची रीत मात्र अगदी ठरलेली होती. जुनी नायट्रेट फिल्म पेट घ्यायला टपलेलीच असे. तिच्यावरच्या थरात चांदी असल्याने चित्रपटाचा धंदा संपला की डबे विकले जात. फिल्म धुऊन चांदी काढायची आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या नि पर्स करायच्या. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याच वाटेने गेला, असे नायर सांगत. त्याचे निर्माते अर्देशीर इराणी यांना वाटत होते की काही रिळे घरी असतील, पण त्यांच्या मुलाने नायर यांना बाजूला घेऊन सांगितले की, ती केव्हाच विकली. आणि सरकारी कपाटात आले म्हणजे वाचले, असेही नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे जुन्या ‘प्रभात’च्या आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि हजारो रिळे एका दिवसात राख झाली.

नायट्रेट गेली, ॲसिटेट आली, तिला व्हिनेगरचा रोग लागतो. डबा उघडताच आंबट वास नाकात शिरतो, पट्टी आक्रसते, वाकते आणि शेवटी चिकटून तिची वीट होते. शेजारच्या डब्यांनाही त्या वाफेचा त्रास होतो. मुंबईतल्या लॅब डिजिटलच्या लाटेत एकामागून एक बंद झाल्या, तेव्हा निर्मात्यांना आपापली निगेटिव्ह घेऊन जाण्याचे निरोप गेले. कित्येक निर्माते हयात नव्हते, वारसांना त्या डब्यांत काय आहे हे ठाऊक नव्हते. रंगीत निगेटिव्हला फ्रिजसारखी थंडी आणि कोरडी हवा लागते. ती आपल्याकडे पावसाळ्यात गळणाऱ्या माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या शेजारी गेली.

आणि आता सगळे डिजिटल आहे, त्यामुळे चिंता मिटली, अशी एक भाबडी समजूत पसरली आहे. प्रत्यक्षात ही अवस्था अधिक नाजूक आहे. फिल्म निदान चाळीस वर्षे डब्यात पडून राहिली तरी उजेडात धरून पाहता येत होती. हार्ड डिस्क पाच-दहा वर्षे कुणी चालवली नाही तर बंद पडू शकते आणि तीही न सांगता. थिएटरला जाणारी फाइल कुलूपबंद असते, ठरलेली तारीख उलटली की तिची किल्ली निकामी. ओटीटीवरचा चित्रपट करार संपताच एका रात्रीत नाहीसा होतो. दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर किंवा टेपवर नक्कल करून घेण्याचा खर्च करायचा कुणी? पहिल्या आठवड्यात थिएटर मिळत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या मराठी निर्मात्याकडून ही अपेक्षा धरणे क्रूरपणाचे आहे. त्याची मूळ फाइल बहुधा संकलकाच्या कपाटातल्या एका डिस्कवर असते, आणि संकलकाचे पैसे थकलेले असतात.

केंद्राने जतन-संवर्धनाची मोहीम हाती घेतली, जुने चित्रपट नव्याने उजळले जात आहेत, हे स्वागतार्हच आहे. पण उजळवणे हे बातमीत दिसणारे काम आहे आणि जतन हे कुणाला न दिसणारे. पुण्याचे संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. ज्या महामंडळाने चित्रपट काढायचे आणि विकायचे, त्याच्या ताळेबंदात न विकल्या जाणाऱ्या डब्यांच्या वातानुकूलनाचे वीजबिल किती काळ सुखाने बसेल, याची आम्हाला शंका वाटते. फ्रान्सने १९७७ पासून चित्रपटाची प्रत जमा करणे कायद्याने बंधनकारक केले आहे. आपल्याकडे सेन्सॉरच्या दाखल्याच्या निमित्ताने एखादी प्रत सरकारदरबारी राहते, ती पुरावा म्हणून. शंभर वर्षे टिकेल असा मास्टर द्यायला लावणारी आणि तो सांभाळण्याची हमी घेणारी तरतूद नाही.

दिल्लीच्या कायद्याची वाट पाहत बसण्याचे महाराष्ट्राला कारण नाही. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते. त्याचा शेवटचा हप्ता जतनयोग्य मास्टर जमा झाल्याशिवाय सोडू नये, आणि त्या प्रतीच्या नकलेचा खर्च अनुदानातून कापून न घेता सरकारने वेगळा उचलावा. एक प्रत मुंबईत गोरेगावच्या चित्रनगरीत आणि दुसरी कोल्हापूरला ठेवावी, म्हणजे एका आगीत सगळे जाणार नाही. निर्मात्याच्या हक्काला यातून धक्का लागत नाही. प्रत दाखवण्यासाठी नव्हे, ठेवण्यासाठी मागितली जाते, एवढे शासन निर्णयात स्पष्ट लिहिले की पुरे. त्याबरोबरच माळ्यावर पडलेल्या डब्यांसाठी वर्षभराची मोहीम काढावी. निर्मात्यांच्या वारसांना हक्काचे कागद मागत बसू नये, आधी डबे थंड खोलीत आणावेत, मालकी कुणाची ते मागाहून ठरवता येईल. यंदाच्या पावसाळ्याआधी निदान ही मोहीम तरी सुरू व्हायला हवी. सांस्कृतिक कार्य विभागाने तिची तारीख जाहीर करावी.