कागजीपुऱ्याला उतरा, पुढे पायी जा

आमच्या उर्दू शाळेच्या सहलीचा एक ठरलेला रस्ता आहे. दौलताबादचा किल्ला, मग खुलताबाद, मग वेरूळ. किल्ल्यावर मुलं दमतात, दर्ग्यात फातिहा होते, वेरूळला डबे उघडतात, अंधार पडायच्या आत बस परत. या रस्त्यात दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुरा नावाचं लहानसं गाव लागतं. मी कितीतरी वर्षं त्या गावावरून बसने गेले. एकदाही उतरले नाही.

शेवटी उतरले, तेही आवडीने नाही, भीतीने. 2025च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वातावरण तापलं, नागपुरात दंगल झाली. त्यानंतर सहलीची चिठ्ठी घरी गेली तसे पालकांचे फोन सुरू झाले. "टीचर, बच्चों को खुलताबाद मत ले जाओ." मी शब्द दिला, नेणार नाही. किल्ला बघून झाला, दुपार रिकामी राहिली, म्हणून कागजीपुऱ्याला बस थांबवली.

गावाचं नावच त्याचा धंदा सांगतं. कागजी म्हणजे कागद करणारा. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने देवगिरीला राजधानी आणली, देवगिरीचं दौलताबाद झालं, आणि त्या लोंढ्याबरोबर कागदाचे कारागीरही आले, असं गावात सांगतात. राजधानीचं पुढे जमलं नाही, हे आपण पाठ्यपुस्तकात हसत हसत शिकवतो. कारागीर मात्र इथलेच झाले.

हातकागद कसा होतो ते मुलांनी पहिल्यांदा समजून घेतलं. चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, लगदा करायचा. तो हौदातल्या पाण्यात कालवायचा. चौकटीवरची जाळी त्यात बुडवून अलगद वर काढायची, पाणी गळून जातं आणि पातळ थर उरतो. तो वाळवायचा, खळ लावायची, गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटला नाही तर शाई फुटते. आज हे काम जाणणारे हात मोजकेच उरलेत.

नववीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, यावर उर्दू लिहायचे की मराठी?"

प्रश्न साधा होता, पण मी थांबले. जुन्या काळी दौलताबादी कागदाला नाव होतं. त्यावर फारसी लिहिली गेली तशी मोडीतली मराठीही. कागद कुणाची भाषा विचारत नाही. खुद्द "कागद" हा शब्दच फारसीतून मराठीत आला. कलम, दप्तर, शाई, तारीख, हजेरी हेही त्याच वाटेने आले. मी रोज वर्गात दोन भाषा शिकवते आणि त्या एकमेकींपासून किती लांब आहेत हेच ऐकत आले. इथे त्या एकाच हौदातून निघालेल्या कागदावर होत्या.

परत येताना मात्र माझं मन खात होतं. खुलताबाद टाळून मी मुलांना काय शिकवलं? की ते गाव म्हणजे एक कबर, आणि ती कबर म्हणजे भांडण. तिथे तर अमीर हसन सिजझी झोपलेत. ते अमीर खुसरोंचे मित्र. हजरत निजामुद्दीन औलियांची संभाषणं त्यांनी "फवाइद-उल-फुआद"मध्ये लिहून ठेवली. तिथेच मलिक अंबरचा मकबरा आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ता झाला, त्याने खडकी वसवली, 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जवळच्या सुलीभंजनच्या डोंगरावर एकनाथ महाराजांनी तप केलं असं वारकरी मानतात. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादचे किल्लेदार, आणि त्या स्वामींचे गुरू चाँद बोधले, ज्यांना परंपरा सूफी मानते. हे सगळं दहा-पंधरा किलोमीटरच्या आत आहे. बसच्या खिडकीतून ते दिसत नाही, चालणाऱ्याला एकामागून एक भेटतं.

दोष फक्त बाहेरच्यांचा नाही. आपणही उर्साला जातो, मन्नत मागतो, चादर चढवतो, जेवतो आणि परततो. ज्यांच्या कबरीवर फुलं ठेवली त्यांनी काय लिहिलं, कुणाला शिकवलं, हे मुलांना सांगत नाही. मग कुणी "हे तुमचं काय?" विचारलं की मूल गप्प बसतं किंवा चिडतं. त्याला तिसरा रस्ता आपण दिलेलाच नसतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. दौलताबाद, कागजीपुरा, खुलताबाद, सुलीभंजन ही एक पायवाट म्हणून आखली जावी. वाटेत मराठी, उर्दू आणि इंग्रजीत साध्या पाट्या असाव्यात, पाण्याची आणि सावलीची सोय असावी. रायगडावर मुलं चालतात, पंढरीच्या वाटेवर लोक चालतात. चालून गेलेली जागा आपली होते. आणि पायी येणारा माणूस गावात चहा पितो, चार कागद विकत घेतो. पोटाला आधार झाला तर कागज्यांचं एखादं पोर बापाचा धंदा शिकेलही.

सरकार कधी करेल तेव्हा करेल, शाळांना थांबायची गरज नाही. यंदा थंडीत मी नववीला घेऊन ही वाट निम्मी तरी चालणार आहे, खुलताबादसकट. शेजारच्या मराठी शाळेतल्या एका बाईंनाही त्यांच्या मुलांसह यायला विचारलंय, त्या हो म्हणाल्यात. पालकांना फोनवर समजावत बसणार नाही, त्यांनाही बरोबर बोलावणार आहे. कागजीपुऱ्यातून आणलेले कागद कपाटात आहेत. आमंत्रण त्याच्यावरच लिहायचं ठरवलंय, वर उर्दू, खाली मराठी. उर्दू ती नववीतली मुलगी लिहिणार आहे, आणि मराठीही तीच.