हाक पोहोचते, पत्ता पोहोचत नाही

गेल्या आषाढातील गोष्ट. आमच्या शेजारच्या घरातील वृद्ध गृहस्थांस पहाटे छातीत कळ आली. मुलाने तत्काळ रुग्णवाहिकेसाठी फोन केला. पलीकडून सौजन्याने प्रश्न आला, "पत्ता सांगा." मुलगा घाबरलेला, आपल्या बोलीत म्हणाला, "देऊळवाडो, देवळाफाटल्यान, पिंपळाकडेन." त्याच्या दृष्टीने याहून नेमका पत्ता असू शकत नव्हता. परंतु ज्या गावाला देऊळ नाही आणि ज्या देवळाजवळ पिंपळ नाही असे गाव आमच्या तालुक्यात शोधूनही सापडावयाचे नाही. गाडी निघाली ती थेट शेजारच्या गावच्या देऊळवाड्यावर जाऊन उभी राहिली. तेथल्या मंडळींनी चालकाला मागे फिरवून वाट दाखवली. गृहस्थ वाचले, ही देवाची कृपा. पण देवाची कृपा हे व्यवस्थेचे एक कलम म्हणून गृहीत धरण्याचा अधिकार कोणत्याही समाजाला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी सभामंडपात जी चर्चा झाली ती ऐकून आम्हांस हा लेख लिहावासा वाटला. कोणी चालकाला दोष दिला, कोणी सरकारला. एक सुशिक्षित गृहस्थ तर म्हणाले, "आता उपग्रह आले, मोबाईल आले, यंत्रालाच सगळे ठाऊक असते. पत्ता सांगण्याचे दिवस गेले." हे शेवटचे मत आज सर्वत्र बोकाळले आहे आणि तेच सर्वांत घातक आहे. यंत्राला काहीही ठाऊक नसते. कोणीतरी आधी लिहून ठेवलेले तेवढेच ते वाचून दाखवते. आणि हे लिहून ठेवण्याचे काम आपण कोणीच करीत नाही, हे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

ज्या देशांनी हे काम केले त्यांची हकीकत पाहावी. १९३५ सालच्या नोव्हेंबरात लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने फोन उचलला होता. परंतु इतर सर्व हाकांबरोबर त्याचीही हाक रांगेत ताटकळत राहिली. त्या दुर्घटनेवरून बोध घेऊन ३० जून १९३७ रोजी तेथे ९९९ हा संकटकालीन क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत १६ फेब्रुवारी १९६८ रोजी आलाबामा राज्यातील हेलीव्हिल या लहानशा गावातून ९११ या क्रमांकावरचा पहिला फोन लागला. येथवर एक प्रश्न सुटला: संकटात सापडलेल्याची हाक आधी ऐकली जावी. दुसरा प्रश्न तसाच राहिला: हाक आली कोठून? ज्याची वाचा बसली आहे, जो धुराने गुदमरला आहे, जे लहान मूल आहे, त्याने पत्ता कसा सांगावा?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून अमेरिकेत पुढे जी 'वर्धित ९११' व्यवस्था उभी राहिली, तिचा गाभा एखादे चमत्कारी यंत्र नसून एक नोंदवही आहे. आजच्या भाषेत तिला डेटाबेस म्हणतात, पण वही ती वहीच. कोणी ९११ फिरवला की टेलिफोन केंद्र त्याचा क्रमांक पुढे पाठवते. त्या क्रमांकावरून, हाक कोणत्या मदत-केंद्राकडे वळवावी हे एका वहीत पाहिले जाते. आणि तेथील कर्मचाऱ्यापुढे दुसऱ्या वहीतून त्या क्रमांकाचा पत्ता येऊन उभा राहतो. हे सर्व काही क्षणांत घडते. पण त्या क्षणांमागे माणसांची वर्षांची मेहनत असते.

कारण त्या दोन वह्यांच्या मुळाशी आणखी एक वही आहे. तिचे नाव 'मास्टर स्ट्रीट ॲड्रेस गाइड', म्हणजे रस्त्यांची मूळ सूची. तिची एकेक ओळ अशी: रस्त्याचे नाव, या क्रमांकापासून त्या क्रमांकापर्यंतची घरे, सम बाजू, विषम बाजू की दोन्ही, गावाचे नाव, आणि त्या पट्ट्यात कोणते पोलीस, कोणते अग्निशामक दल व कोणती रुग्णवाहिका धावावयाची ते दर्शविणारा संकेतांक. टेलिफोन कंपनीने नोंदवलेला प्रत्येक ग्राहकाचा पत्ता या सूचीशी ताडून पाहतात. जुळला नाही तर तो परत येतो, आणि मग कोणाला तरी चौकशी करून, प्रसंगी त्या रस्त्यावर पायी जाऊन, खरे काय ते ठरवावे लागते. एकाच गावात एका नावाचे दोन रस्ते असता कामा नयेत, उच्चारास सारखी नावे असता कामा नयेत. आमच्या देऊळवाड्यांची त्या सूचीपुढे काय गत होईल, याचा विचार वाचकांनीच करावा.

"ते अमेरिका, आपण कोठे!" असे म्हणणाऱ्यांस आम्ही त्याच देशातील वेस्ट व्हर्जिनिया राज्य दाखवतो. तेथील डोंगराळ भागातल्या असंख्य घरांना रस्त्याचे नाव नव्हते, क्रमांक नव्हता. अमुक वळणानंतर तमुक ओढ्यापाशी, हाच पत्ता. २००१ साली तेथील टेलिफोन कंपनीबरोबर झालेल्या एका तडजोडीतून दीड कोटी डॉलर या कामासाठी मिळाले आणि राज्यभर नकाशे काढणे, रस्त्यांस नावे देणे व घरांना क्रमांक लावणे सुरू झाले. श्रीमंत देशालाही ही वही आयती मिळाली नाही. पैसा लागला, माणसे लागली, आणि "आम्हाला क्रमांक नको" म्हणून अडून बसलेल्या आपल्याच नागरिकांची समजूत घालावी लागली.

वही एकदा लिहिली म्हणजेही कर्तव्य संपत नाही. २००८ साली कॅनडातील एका कुटुंबावर ओढवलेला प्रसंग या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. हे कुटुंब मिसिसागाहून कॅल्गरीस राहावयास गेले. इंटरनेटवरून चालणारा त्यांचा टेलिफोन त्यांच्याबरोबर गेला. वहीतील पत्ता मात्र जुनाच राहिला. त्यांचे दीड वर्षांचे बाळ अत्यवस्थ झाले. फोन लागला, हाक ऐकली गेली, रुग्णवाहिका निघालीही; पण ती गेली मिसिसागाच्या जुन्या घराकडे, अडीच हजारांहून अधिक किलोमीटर दूर. बाळ वाचले नाही. येथे कोणतेही यंत्र बिघडले नव्हते, कोणी कर्मचारी झोपला नव्हता. वहीतील एक ओळ शिळी झाली होती, एवढेच.

आता उपग्रहवाद्यांकडे वळू. मोबाईलमुळे नवी अडचण आली हे अमेरिकेने लवकर ओळखले आणि १९९६ सालीच मोबाईल कंपन्यांवर हाकेचे ठिकाण कळवण्याचे बंधन घातले. उपग्रहाच्या साहाय्याने उघड्या मैदानात ठिकाण चांगले कळते, हे आम्ही नाकारीत नाही. पण माणसे मैदानात राहत नाहीत. गल्लीत राहतात, चाळीत राहतात, नव्या वसाहतींतील सातव्या मजल्यावर राहतात. अक्षांश आणि रेखांश सातव्या मजल्याचे आणि तळमजल्याचे एकच असतात. म्हणूनच २०१९ साली तेथील नियामकाला उंचीसाठी वेगळा मापदंड घालावा लागला: दहांपैकी आठ हाकांत तीन मीटरच्या आत उंची कळली पाहिजे. तरीही मीटर सांगितले म्हणजे मजला कळला असे नव्हे. तळमजला जमिनीपासून किती उंच आणि पुढचे मजले किती उंचीचे, ते शेवटी कोठेतरी लिहिलेलेच असावे लागते. आमच्याकडील नदीकाठच्या गावांत तर नकाशावर दोनशे हातांवर दिसणारे घर पलीकडच्या तीरावर असते आणि तेथे जाण्यास पूल गाठावा लागतो. ठिकाण कळणे वेगळे आणि वाट कळणे वेगळे.

२०२५ च्या मे महिन्यात आपल्या डाकखात्याने 'डिजिपिन' आणला. सबंध देशाचे सुमारे चार मीटर लांबीरुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांकांचा संकेत दिला. काम स्तुत्य आहे. परंतु त्या संकेतातही मजला नाही, घराचे नाव नाही, वाटेचे वळण नाही. आणि मध्यरात्री घाबरलेल्या माणसाला दहा अक्षरे आठवतील ही अपेक्षाही व्यर्थ आहे. डिजिपिन हा वहीतील एक रकाना होऊ शकेल. तो वहीची जागा घेऊ शकत नाही.

हे काम आमच्या प्रकृतीत बसत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर जो सहा अंकी पिनकोड सुरू झाला, त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या मराठी मंडळींपैकीच. डाकखात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि त्याचबरोबर संस्कृतचे कवी व नाटककार. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते लिहिण्याच्या अनेक भाषा आणि लिप्या, या गोंधळातून पत्र सुखरूप नेण्याचा मार्ग त्यांनी काढला. पत्रासाठी जे आपण पन्नास वर्षांपूर्वी केले, ते प्राणासाठी करण्यास आज कचरतो, याचे वैषम्य वाटते. रुग्णवाहिकेची १०८ सेवा २००५ साली हैदराबादेतूनच प्रथम सुरू झाली. पोलीस, अग्निशामक आणि रुग्णवाहिका यांसाठी ११२ हा एकच क्रमांक असावा अशी शिफारस दूरसंचार नियामकाने २०१५ साली केली आणि २८ नोव्हेंबर २०१८ रोजी हिमाचल प्रदेशातून त्याचा आरंभ झाला. क्रमांक झाले, केंद्रे झाली, उद्घाटने झाली. उरली ती वही. तिचे उद्घाटन होत नाही, म्हणून तिला कोणी वाली नाही.

आक्षेप तीन ऐकू येतात. पहिला आक्षेप अभिमानाचा: "आम्हाला गावात कोण ओळखत नाही? कोणालाही विचारा!" खरे आहे, पण पहाटे तीन वाजता विचारावयाचे कोणाला? दुसरा आक्षेप कराचा: घराला क्रमांक आला की घरपट्टी मागोमाग येते. ही भीती जे बोलून दाखवतात त्यांना आम्ही एवढेच सांगतो की, कर चुकवण्यासाठी स्वतःच्या आईवडिलांना रुग्णवाहिकेपासून लपवून ठेवणे हा सौदा फार महाग आहे. तिसरा आक्षेप मात्र विचारार्ह आहे: नाव, क्रमांक आणि घर एकत्र लिहिलेली वही भलत्याच्या हाती पडली तर? ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय नियमाचा आहे. वही कोणी पाहावी, केव्हा पाहावी, पाहिल्याची नोंद कोठे राहावी, हे कायद्याने बांधले पाहिजे आणि गैरवापरास कडक शिक्षा असली पाहिजे. चोराच्या भयाने घराला दारच ठेवावयाचे नाही, हा उपाय नव्हे.

एक गोष्ट देवस्थानांच्या व्यवस्थापकांस विशेष सांगावयाची आहे. २०१३ सालच्या डिसेंबरात अमेरिकेत टेक्सासमधील मार्शल गावी एका मोटेलच्या खोलीत एका स्त्रीवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा ९११ फिरवला. चारही वेळा फोन लागला नाही, कारण त्या खोलीतून बाहेर फोन करण्यासाठी आधी आणखी एक ९ फिरवावा लागत असे. आई गेली. त्यावरून २०१८ साली कायदा झाला की, असा कोणताही आकडा आधी न फिरवता संकटाचा क्रमांक लागला पाहिजे. आणि २०१९ च्या नियमांनी मोठ्या इमारतींच्या अंतर्गत टेलिफोनवरून मजला व खोली कळवण्याचेही बंधन आले. आपल्या भक्तनिवासांतील खोल्यांतून ११२ थेट लागतो काय? लागला तर पलीकडे खोलीचा क्रमांक कळतो, की नुसते कार्यालयाचे नाव? संबंधित केंद्रास आधी कळवून हे एकदा तपासून पाहण्यास काय हरकत आहे? उत्सवात रोषणाईवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने हा खर्च नगण्य आहे.

आमची मागणी फार मोठी नाही. प्रत्येक पंचायतीने आणि नगरपालिकेने वाड्यावाड्यांतील रस्त्यांना वेगवेगळी नावे द्यावी, घरांना वाटेच्या क्रमाने क्रमांक द्यावे, ते रात्री दिसतील असे लावावे, आणि या वहीची जबाबदारी एका नामनिर्दिष्ट व्यक्तीवर टाकावी. घर बांधले, पडले, विकले, रस्ता वळवला की पंधरा दिवसांत नोंद बदलली पाहिजे. नागरिकांनी घर बदलताना दूध आणि वर्तमानपत्र बंद करण्याबरोबरच टेलिफोनचा पत्ताही बदलून घ्यावा. आणि नावे ठरवताना जुनी नावे पुसू नयेत; पिंपळ, तळी, घाटी, देऊळ ही आपली वाडवडिलांपासूनची खूण आहे, ती राहू द्यावी. तिला क्रमांकाची जोड द्यावी, इतकेच.

आपल्या देवस्थानांच्या जुन्या दप्तरांत कुळे, गोत्रे, मूळ गाव यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आपण प्राणापलीकडे जपल्या. कोणते कुळ कोठून आले हे आपल्याला सांगता येते. तेच कुळ आज कोणत्या घरात राहते, हे रुग्णवाहिकेच्या चालकाला सांगता येऊ नये, ही नामुष्की आहे. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी प्रकृती सुधारल्यावर पहिले काम कोणते केले असेल? फाटकावर घराचे नाव, वाड्याचे नाव आणि क्रमांक असा फलक लावला. वाड्यावरील उरलेल्या घरांनी त्यांच्यासारखा प्रसंग येण्याची वाट पाहू नये.