विश्वासाविना सहकार्य कसे?

‘संघभावना’ आणि ‘परस्पर विश्वास’ हे शब्द आज बहुतेक कार्यालयांच्या भिंतींवर वाचायला मिळतात. कर्मचाऱ्यांना दोन दिवस एखाद्या रिसॉर्टवर नेऊन खेळ खेळायला लावले की विश्वास आपोआप वाढतो, अशी व्यवस्थापनांची समजूत दिसते. वस्तुतः विश्वास कशाने निर्माण होतो आणि कशाने मोडतो, हे समजून घ्यायचे असेल तर मुंबईच्या पूर्व उपनगरातील देवनारकडे पाहावे. १९२७ पासून शहराचा कचरा झेलणारी क्षेपणभूमी आणि श्रमिकांच्या प्रश्नांचा अभ्यास करणारी टाटा समाजविज्ञान संस्था, ही दोन्ही येथेच आहेत.

मेयर, डेव्हिस आणि शूरमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९९५ मध्ये कामाच्या ठिकाणच्या विश्वासाची तीन अंगे सांगितली होती : समोरच्याची क्षमता, त्याचा सद्भाव आणि त्याची सचोटी. पैकी क्षमता विकत घेता येते. सद्भाव आणि सचोटी यांचा प्रत्यय मात्र रोजच्या व्यवहारातूनच यावा लागतो. मुंबई महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांना नेमका याच्या उलट प्रत्यय आला. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे लागू होत असे. म्हणून त्याहून कमी कामगारांची छोटी छोटी कंत्राटे काढण्यात आली. कचरा उचलणाऱ्यांना ‘स्वयंसेवक’ आणि त्यांच्या मजुरीला ‘मानधन’ म्हटले गेले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा प्रश्न न्यायालयात नेला. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतरही नावातील किरकोळ तफावतींवर बोट ठेवून अनेकांची प्रकरणे रखडली. जी संस्था आपल्याला कामगार म्हणायलाही तयार नाही, तिच्या स्वच्छता मोहिमेत या माणसांनी मनापासून सहभागी व्हावे, ही अपेक्षा कोणत्या आधारावर करायची?

अविश्वासाचा सर्वांत मोठा तोटा असा, की त्यामुळे माहितीचा ओघ आटतो. नोकरीची शाश्वती नसलेला कामगार बिघडलेल्या गाडीची किंवा फाटलेल्या हातमोज्यांची तक्रार करत नाही. उलट तक्रार करणारा म्हणून आपलेच नाव वरपर्यंत जाईल, ही भीती त्याला असते. जानेवारी २०१६ मध्ये देवनारची क्षेपणभूमी पेटली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली. पूर्व उपनगरांचा श्वास कोंडला. भंगारातील धातू वेगळा करण्यासाठी आगी लावल्या जातात, असा संशय होता. काही बाबतींत तो निराधार नसेलही. त्यामुळे भंगारवाल्यांवर कारवाई झाली आणि कचरावेचकांना आत येण्यास मज्जाव करण्यात आला. सुरक्षेसाठी निर्बंध आवश्यक होते, हे मान्य. परंतु कचऱ्याचा डोंगर रोज तुडवणारी, तो कोठे धुमसतो हे ओळखणारी माणसे त्या दिवसापासून केवळ संशयित ठरली. त्यांच्याशी बोलण्याची सोय आधीपासून असती, तर त्यांचे ज्ञान पालिकेच्या उपयोगी पडले असते.

ही सोय करता येते, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने ‘परिसर विकास’ उपक्रमातून कचरावेचक महिलांना प्रशिक्षण दिले आणि गृहसंकुलांमध्ये सन्मानाने काम मिळवून दिले. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. आधी ओळखपत्रे, मग विमा, असे एकेक पाऊल टाकत २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. म्हणजे कराराच्या आधी पंधरा वर्षांचा व्यवहार होता. तरीही मुदत संपत आली की नूतनीकरणाची टांगती तलवार त्यांच्याही डोक्यावर राहिलीच.

हा प्रश्न केवळ अंगमेहनतीच्या कामापुरता मर्यादित आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. जून २०२४ च्या अखेरीस टाटा समाजविज्ञान संस्थेने शंभराहून अधिक कंत्राटी प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांना सेवा संपुष्टात येत असल्याच्या नोटिसा दिल्या. टाटा एज्युकेशन ट्रस्टकडून निधीचे आश्वासन मिळाल्यावर दोनच दिवसांत त्या मागे घेण्यात आल्या. नोकऱ्या तूर्त वाचल्या. परंतु आपली वर्षानुवर्षांची सेवा एका नोटिशीने संपू शकते हे कळलेला अध्यापक पाच वर्षांच्या संशोधनाची आखणी कोणत्या भरवशावर करणार? नोटीस मागे घेता येते. तिने मनात पेरलेली धास्ती तेवढ्या सहज मागे घेता येत नाही.

देवनारपुढे आता आणखी मोठे काम आहे. तेथील सुमारे १८५ लाख टन जुन्या कचऱ्याच्या शास्त्रोक्त विल्हेवाटीचे कंत्राट २०२५ मध्ये देण्यात आले. त्याच वर्षी कचरा संकलन व वाहतुकीच्या नव्या कंत्राटांना पालिकेच्या कामगार संघटनांनी कडाडून विरोध केला. खर्चाचा आणि यंत्रसामग्रीचा हिशेब पालिकेने मांडला असेलच. पण कंत्राटदार बदलला तरी कामगार तेच राहतील का, वेतन वेळेवर व बँकेतूनच मिळेल का, धोक्याची सूचना देणाऱ्याला संरक्षण असेल का, या प्रश्नांची लेखी उत्तरे कामगारांना मिळायला हवीत. आणि ती पाळली जातात की नाही, हे तपासणाऱ्या समितीत कामगारांचे प्रतिनिधी बसायला हवेत.

यात नागरिकांचाही संबंध येतो. ओला आणि सुका कचरा वेगळा करून दिल्यावर तो एकाच गाडीत पडताना पाहिलेली गृहिणी पुढच्या आठवड्यापासून तो वेगळा करणे सोडून देते. तिला पुन्हा राजी करायला जाहिरातींचे फलक पुरणार नाहीत. दोन स्वतंत्र कप्प्यांची गाडी महिनोन्‌महिने ठरलेल्या वेळी दारात यावी लागेल, आणि त्या गाडीवर उद्याही आपली नोकरी असेल याची खात्री असलेला कामगार असावा लागेल.