ओट्याजवळचा विनोद

मैत्रिणींनो, ‘बायकांना विनोद कळत नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं असतं. विनोदात बायका असतात, नाही असं नाही. पण बहुधा चेष्टेचा विषय म्हणून! जाडी बायको, कजाग सासू, वायफळ बडबडणारी शेजारीण. पण समजा, या शेजारणीच्याच हातात लेखणी आली तर? इंग्लंडमधल्या व्हिक्टोरिया वुड या बाईनं ती हातात घेतली. आज तिची ओळख.

व्हिक्टोरियाचा जन्म १९५३ सालचा, लँकेशायरमधल्या प्रेस्टविचचा. बालपण जवळच्याच बरी गावी गेलं. चार भावंडांत ती धाकटी. अंगानं लठ्ठ, स्वभावानं बुजरी. वडील विम्याचं काम करायचे, पण हौसेनं लिहायचे, पियानो वाजवायचे. पंधराव्या वाढदिवसाला त्यांनी लेकीलाही पियानो दिला. पुढं मँचेस्टरच्या नाट्यशाळेत ती चाचणीला गेली, तर तिथं नकार मिळाला. मग बर्मिंगहॅम विद्यापीठात तिनं नाट्यशिक्षण घेतलं. १९७४ साली ‘न्यू फेसेस’ या दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेत स्वतःची गाणी म्हणून एक फेरीही जिंकली. वाटलं, झालं आता नाव! पण कसचं काय! पुढची तीन-चार वर्षं तुटपुंज्या कामांवर आणि वाट बघण्यातच गेली.

आपल्याजोगी भूमिका कुणी लिहीत नाही, तर ती आपणच लिहावी, हा मार्ग तिनं धरला. १९७८ साली तिचं ‘टॅलेंट’ हे नाटक शेफील्डला रंगभूमीवर आलं आणि दुसऱ्याच वर्षी दूरचित्रवाणीवरही झालं. त्यात तिच्या जोडीला होती ज्यूली वॉल्टर्स. गंमत बघा, ज्या नाट्यशाळेनं व्हिक्टोरियाला नाकारलं, तिथलीच ही विद्यार्थिनी! दोघींची मैत्री जन्मभर टिकली. १९८५ पासूनच्या ‘अ‍ॅज सीन ऑन टीव्ही’ या मालिकेचं लेखन व्हिक्टोरियाचं. पण हमखास टाळ्या घेणारी वाक्यं ती खुशाल ज्यूलीला आणि इतरांना देऊन टाकायची. स्वयंपाक आपण करायचा आणि चांगला घास दुसऱ्याच्या पानात वाढायचा, ही रीत आपल्याला काही नवी नाही!

तिचं माझं सर्वांत आवडतं काम म्हणजे ‘डिनरलेडीज’. १९९८ ते २००० या काळात तिचे सोळा भाग झाले. सगळे तिनंच लिहिले आणि ब्रेन ही मुख्य भूमिकाही तिनंच केली. मँचेस्टरच्या एका कारखान्याचं कँटीन, तिथं राबणाऱ्या पाच-सहा जणी, बस्स! पाव वेळेवर आला नाही, टोस्ट कुणाला हवेत, वजन किती वाढलं, आईनं कसा जीव नकोसा केला – बोलणं सगळं असलं. पण हसता हसता एकदम गळा दाटून येतो. हे सहज वाटतं, सहज झालेलं मात्र नाही. प्रत्येक भाग शुक्रवारी प्रेक्षकांसमोर एकदा चित्रित व्हायचा. जिथं हशा आला नाही तिथं व्हिक्टोरिया पुन्हा लिहायची आणि शनिवारी तोच भाग नव्यानं व्हायचा. नटमंडळींची झोप उडत असणार!

२००६ साली तिनं वेगळंच काही केलं. महायुद्धाच्या काळात, १९३९ साली, ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेनं सामान्य माणसांना रोजनिशी लिहायला सांगितलं होतं. बॅरो या गावच्या नेला लास्ट या बाईंनी ती लिहिली, अगदी १९६६ पर्यंत. स्वतःची ओळख काय लिहावी त्यांनी? ‘गृहिणी, वय ४९’. अबोल नवरा, खचलेलं मन, आणि युद्धकाळात स्त्रियांच्या सेवापथकात काम करता करता हळूहळू सापडलेली स्वतःची वाट. याच रोजनिशीवर व्हिक्टोरियानं ‘हाउसवाइफ, ४९’ हा दूरचित्रपट लिहिला आणि नेलाची भूमिकाही केली. २००७ साली त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री आणि सर्वोत्कृष्ट दूरचित्रपट असे दोन ‘बाफ्टा’ पुरस्कार मिळाले. हसवणारी बाई रडवूही शकते, हे लोकांना तेव्हा नीट कळलं.

२० एप्रिल २०१६ रोजी कर्करोगानं ती गेली. वय अवघं बासष्ट. २०१९ साली बरी गावानं तिचा पुतळा उभारला.

आपल्या रोजच्या बोलण्याला ‘बायकांच्या गप्पा’ म्हणून बाजूला सारायची सवय इतरांना आहे, तशी ती आपल्यालाही आहे. व्हिक्टोरियानं त्याच गप्पा कान देऊन ऐकल्या, आणि नेलाबाईंनी त्याच लिहून ठेवल्या. तेव्हा एक करून बघा. दूध-किराण्याच्या हिशेबाची वही असतेच ना ओट्याजवळ? तिची मागची चार पानं स्वतःसाठी ठेवा. रेशनच्या रांगेत काय ऐकलं, भाजीवालीनं काय टोला हाणला, कशानं हसू आलं आणि कशानं डोळ्यांत पाणी, ते दोन ओळींत तारीख घालून टिपा. कुणाला दाखवायचं की नाही, ते मागाहून ठरवता येईल.