एकाचा शोध, दोघांचे घर

धर्मशोधकाचे आपण कौतुक करतो. त्याच्या घराची विचारपूस मात्र क्वचितच होते. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीतील एका गृहस्थाने बायबल दिले. १८९५ मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांना मात्र ते विसरले नाहीत. ख्रिस्तभक्तीही त्यांनी अभंगांतूनच गाइली.

इकडे लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांच्या आश्रयास राहिल्या. पुढे टिळकांजवळ आल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. चूल निराळी होती. जातिभेद माणसानेच निर्माण केला, हे त्यांचे त्यांना उमगले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त ही हकीकत त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितली आहे.

त्या पाच वर्षांपाशी आम्ही पुनःपुन्हा थबकतो. आज आपल्याही घरांत कोणी विपश्यनेस बसतो, कोणी दर्ग्यावर जातो, कोणी साऱ्याच देवांना रामराम ठोकतो. जाणाऱ्याने मागे राहिलेल्यास ओढू नये, राहिलेल्याने दार लावू नये. चुली दोन झाल्या तरी चालतील. बोलणे तुटू नये, एवढेच आमचे मागणे.