छायाचित्र म्हणजे वाचन नव्हे

इटलीतील प्राटो या नगरीत चौदाव्या शतकात फ्रान्चेस्को दातिनी नावाचा एक मोठा व्यापारी होऊन गेला. 1410 मध्ये त्याचे निधन झाले. ठिकठिकाणच्या पेढ्यांशी झालेल्या त्याच्या व्यवहाराची सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेहून अधिक हिशेबवह्या आजही सुरक्षित आहेत. त्यांतील पत्रांची छायाचित्रे आता जगातील कोणीही अभ्यासक घरबसल्या पाहू शकतो. इतिहास, भाषा, साहित्य, धर्म, कला यांच्या अभ्यासाला संगणकाची जोड देणाऱ्या अशा उपक्रमांना ‘डिजिटल मानव्यविद्या’ म्हणतात.

वरवर पाहता हे सारे उपक्रम सारखेच भासतात. परंतु रोजकीर्द आणि खतावणी या दोन्ही वह्याच असल्या, तरी एकीचे काम दुसरी करीत नाही. येथेही तसेच आहे. ढोबळमानाने या उपक्रमांचे चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार संग्रहाचा. मूळ वस्तूचे छायाचित्र व तिची नोंद जतन करणे हे त्याचे कार्य. दातिनीचे दप्तर याच वर्गातले. ब्रिटिश लायब्ररीसह ब्रिटनमधील काही संस्थांतील जैन हस्तलिखिते माहितीपर लेखांसह समोर ठेवणारा ‘जैनपीडिया’ही याच वर्गातला.

दुसरा प्रकार शोधता येणाऱ्या संहितेचा. रॉबेर्तो बुसा या इटालियन धर्मगुरूंनी 1949 मध्ये आयबीएम कंपनीचे साहाय्य मिळवून संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांतील शब्दांची सूची हाती घेतली. सुमारे एक कोटी शब्दांचे हे काम तीसएक वर्षे चालले आणि त्याचे 56 खंड झाले. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील 1674 ते 1913 या काळातील खटल्यांचे वृत्तांतही असेच अक्षरबद्ध झाले आहेत. एखादा शब्द कोणकोणत्या खटल्यांत आला, हे तेथे क्षणात कळते.

तिसरा प्रकार संबंधांचा व नकाशांचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ‘ऑर्बिस’ हा उपक्रम रोमन साम्राज्यातील दोन स्थळांमधील प्रवासाला किती दिवस लागत आणि मालवाहतुकीचा खर्च किती येई, याचा अंदाज मांडतो. खुष्कीच्या मार्गापेक्षा जलमार्ग किती स्वस्त पडे, हे व्यापाऱ्याच्या नजरेला तेथे तत्काळ दिसते.

चौथा प्रकार लोकसहभागाचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 2010 मध्ये तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांची हस्तलिखिते सर्वांसाठी खुली केली. तेव्हापासून स्वयंसेवक ती वाचून त्यांचा मजकूर उतरवून देतात आणि जाणकार तो तपासतात.

या भेदाचे महत्त्व जैन समाजाला नव्याने सांगावयास नको. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे मूडबिद्री येथे शतकानुशतके भक्तिभावाने जपली गेली. परंतु ती जुन्या कन्नड लिपीत असल्याने बहुतेकांना दर्शनापुरतीच होती. पुढे नागरी लिपीत प्रती झाल्या, आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली हिंदी अनुवादासह पहिला खंड 1939 मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. तेव्हा कोठे तो ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आला. त्या ताडपत्रांची उत्तम छायाचित्रे काढली, तरी केवळ त्यांतून हे साधले नसते.

म्हणूनच एखाद्या ग्रंथभांडारासाठी द्रव्य देताना दात्याने काही प्रश्न अवश्य विचारावेत. होणारे काम छायाचित्रणापुरतेच आहे, की मजकूरही उतरविला जाणार आहे? तो तपासणारा लिपीचा जाणकार कोण? सूची कोण करणार? दहा वर्षांनी यंत्रे बदलल्यावर ही सामग्री नव्या साधनांवर नेण्याचा खर्च कोण सोसणार?

छायाचित्रण आधी व्हावे, हे योग्यच. कारण कसर आणि दमट हवा थांबत नाही. पण ती पहिली पायरी आहे. शास्त्रदानाचे फळ पोथी सुरक्षित राहण्यात आहे, तितकेच ती वाचली जाण्यातही आहे.