पूल ठेवायचा तर सांभाळून ठेवा

नागपूरच्या बाजूला सोयरीक असलेले आपल्यात बरेच जण आहेत. लग्नकार्याला, दिवाळीला किंवा माहेरपणाला निघालो की खातेगांव सोडल्यावर थोड्याच वेळात नेमावर येते. पुलावर गाडी चढली की घरातले वडीलधारे हात जोडतात, मुले खिडकीतून नाणे टाकतात आणि पलीकडे हंडिया लागते. राष्ट्रीय महामार्ग ४७ चा हा टप्पा आपल्यासाठी नुसता रस्ता नाही, तो दोन घरांना जोडणारा धागा आहे. म्हणून पुलांच्या बातम्या आपण जरा जास्त लक्ष देऊन वाचतो.

गेल्या काही वर्षांत त्या बातम्या बऱ्या नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि त्याच्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्याही गेल्या. १५ जून २०२५ ला, रविवारी, मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. त्यात ४ जणांचे प्राण गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लावलेला होता, तरीही लोक पुलावर जातच होते.

आता आपल्याच नर्मदामाईवरचे दुसरे उदाहरण पाहू. नेमावरहून वाहत गेलेले पाणी समुद्राला मिळण्याआधी भरूचला पोहोचते. तिथे १८८१ साली खुला झालेला लोखंडी पूल आहे. लोक त्याला गोल्डन ब्रिज म्हणतात. त्याची लांबी सुमारे १४०० मीटर आहे. मुंबईकडच्या व्यापारासाठी तो बांधला गेला. १९३५ मध्ये रेल्वेसाठी वेगळा पूल झाला आणि पुढे हा रस्त्याच्या वाहतुकीसाठी राहिला. जुलै २०२१ मध्ये शेजारी नर्मदा मैया पूल सुरू झाला आणि या वृद्ध पुलावरची वाहने थांबली. म्हणजे १४० वर्षे सेवा करून तो रस्त्याच्या कामातून निवृत्त झाला. पर्याय आधी उभा राहिला आणि विश्रांती नंतर मिळाली. क्रम असाच असायला हवा.

लोखंडी कैचीचा पूल इतका टिकतो कसा? त्याची सगळी रचना त्रिकोणांची असते. चौकोन दाबला तर वाकडा होतो, त्रिकोण आपला आकार सोडत नाही. काही पट्ट्या ताण घेतात, काही दाब घेतात, आणि भार खांबांपर्यंत पोहोचतो. पण यातच त्याचे दुखणेही आहे. अशा अनेक पुलांत एखादा मुख्य सांधा निकामी झाला तर भार उचलायला दुसरा कोणी नसतो. अमेरिकेत मिनियापोलिस येथे १ ऑगस्ट २००७ ला मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा पूल पडला आणि १३ माणसे गेली. चौकशीत दिसले की सांधे जोडणाऱ्या पत्र्यांची जाडी हवी तेवढी नव्हतीच, आणि पुलावर वाढवलेले वजन त्यांना पेलले नाही. तो पूल चाळीस वर्षांचाही पूर्ण भरला नव्हता.

म्हणजे प्रश्न फक्त वयाचा नाही, निगेचा आणि भाराचा आहे. सांध्यांत माती साचते, तिथे पावसाचे पाणी मुरते आणि गंज आतून खातो. वरून रंग छान दिसतो. पुराचे पाणी खांबांच्या पायाखालची वाळू ओढून नेते, तेही वरून दिसत नाही. माणसांची गर्दीही हलकी नसते. आपल्या देशाच्या पूल-संहितेत तीर्थक्षेत्राजवळच्या पादपथासाठी दर चौरस मीटरला ५०० किलो भार धरायला सांगितले आहे. भूतडी अमावास्येची नेमावरची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा आकडा जास्त वाटणार नाही.

आमचे मत असे की जुना पूल एकतर नीट सांभाळावा किंवा नीट बंद करावा. खरा धोका मधल्या अवस्थेत आहे, जिथे फलक लागतो आणि वाटही मोकळी राहते. सांभाळायचा असेल तर दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी व्हावी, तिचा अहवाल लोकांना वाचता यावा आणि वजनाची मर्यादा अडथळा उभारून पाळली जावी. बंद करायचा असेल तर आधी दुसरी सोय करावी. नाहीतर शाळेला, दवाखान्याला आणि शेताला जाणारे लोक नाइलाजाने त्याच पुलावरून जातील आणि दोष मात्र त्यांच्यावर येईल.

आपल्या हातीही थोडे आहे. पुलावर गाडी थांबवून फोटो काढू नयेत. पर्वणीच्या दिवशी मुलांना घेऊन कठड्याशी गर्दी करू नये. सळई उघडी दिसली, जोडावर गाडी नेहमीपेक्षा जास्त आदळू लागली, तर घरी चर्चा करून थांबू नये, लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. नर्मदेला हात जोडतो तेव्हा ज्यावरून हात जोडतो त्या पुलाचीही आठवण ठेवू या.